उलटी अक्षरं

शहापूरच्या गल्लीत सिनेमाची गाडी लागली
तेव्हा मी कट्ट्यावर लसूण सोलत होतो.
कानाला यंत्र लावलेली एक पोरगी आली,
म्हणाली, आजोबा, खिळे जुळवणारे तुम्हीच ना?
म्हटलं, होतो. आता लसूण सोलायलोय.

भैरू सांबरेकरावर पिक्चर काढायलेत.
खडेबाजारात एकाहत्तर साल उभं केलंय.
पाट्या उतरवल्या, नव्याच जुन्या करून लावल्या.
कन्नड वर की मराठी वर, यावर दीड तास खोळंबा.
मग धूर सोडला,
म्हणजे कुणाला काही वाचायलाच नको.

नट देखणा आहे.
भैरूला पुढचे दोन दात नव्हते.
नट ग्लास असा धरतो, जणू त्यात काही हरवलंय.
भैरू उभ्यानंच प्यायचा, पाण्यासारखी,
कॅम्पातल्या रिटायर हवालदाराकडची कोट्याची रम,
आणि बाहीनं तोंड पुसत म्हणायचा,
"दाद्या, कालची ओळ मोड.
नदी काढ, मोरी घाल."
मी मोडायचो.
रात्री दोनला, बोटं शिशानं काळी,
डाव्या हाताला कन्नडच्या केसी, उजव्या हाताला बाळबोध,
आणि मध्ये हा, उलट्या अक्षरांवरून
आंधळ्यागत हात फिरवत
आपलंच लिहिलेलं चाचपणारा.

त्यांच्या कथेत एक नाचणारीण आहे.
तिच्यापायी तो संपतो.
खऱ्यात पार्वतक्का होती, वडगावात मागावर बसायची,
शनिवारची मजुरी बॉबिनीत लपवायची.
चाळीस बॉबिनीतली नेमकी तीच त्याला सापडायची.
असला हुशार.

दिग्दर्शक म्हणाला, एखादा प्रसंग सांगा की.
मी सांगितला नाही, तो हा:

पुस्तकाचा शेवटचा फर्मा बांधून ठेवला होता,
सोळा पानं, सकाळी छापायची.
सकाळी दगडावर नुसती चौकट.
खिळे त्यानं पोत्यात भरून भंगारात घातले, किलोवर.
शिशाला तेव्हा बरा भाव होता.
स्वतःच्या सोळा कविता,
आणि त्यांच्याबरोबर प्रेसमधले झाडून सारे ळ.
मालकानं मला हाकललं. किल्ली माझ्याकडं होती ना.

दोन वर्षं रेल्वे गेटाजवळ भजी तळली.
चौथ्या दिवशी भैरू आला तिथं, उधारीवर.
म्हणाला, "दाद्या, शिसं वितळताना बघितलंस काय?
लई बेस दिसतंय बघ.
सगळी अक्षरं एकाच भाषेत जातात."
मारावंसं वाटलं.
प्लेट भरून दिली.
दिवाळीच्या आत गेला, सिव्हिलमध्ये, डोळे हळदीसारखे.
पार्वतक्कानं त्या दिवशीही अर्धा पाळा माग चालवला,
लुगडं द्यायचं होतं कुणाचंतरी.

तर परवा दिव्यांच्या उजेडात मी स्टिक हातात धरली.
म्हणाले, काहीही जुळवा, कॅमेरा फक्त हात घेणार.
डोकं म्हणालं, काहीही. बोटांनी ऐकलं नाही.
वितळलेल्या फर्म्यातली नववी कविता
एकेक खिळा येत गेली, स्वल्पविरामासकट.
ळ कमी पडले, कोल्हापूरहून आणलेल्या केसींतही.
तिथं मी ल उलटा घातला,
पूर्वी घालायचो तसा, प्रूफवाल्याला कळावं म्हणून.

नट वाकला, बघितलं, डोळ्यांत पाणी आणलं.
उलटं त्याला एक अक्षर लागलं नसणार.
कट. टाळ्या.
पोरगी म्हणाली, काय जुळवलंत?
म्हटलं, चुनाभट्टीची जाहिरात.
एक प्रिंट काढू या ना आजोबा, आठवण.
म्हटलं, शाई वाळलीय.

ते वायरी गुंडाळत होते तोवर
मी ओळी सोडवल्या.
क च्या घरात क, न च्या घरात न.
'मोरी' शेवटी सोडली.
मग मानधनाच्या कागदावर सही केली, पाकीट घेतलं.

घरी येऊन उरलेला लसूण सोलला.
पांढऱ्या पाकळ्यांवर काळे ठसे उमटत गेले.
सुनेनं दोनदा धुतला,
पुटपुटली काहीतरी,
आणि आमटीत घातला.